क्यान्सल केलेली बुडी

संपादकांचा निरोप आला, "तुम्ही समुद्राच्या तळाशी नोकरी केलीत, दिवाळी अंकासाठी काहीतरी थरारक लिहा. शार्क असला तर फारच छान." शार्क नाही. पंधरा-सोळा वर्षं लोकांना पाठीवर टाकी बांधून समुद्रात नेलं-आणलं, त्यात मला ज्यांनी छळलं ते सगळे दोन पायांचे प्राणी होते आणि बसने आले होते. म्हणून मी ज्या दिवशी पाण्यात पाऊलसुद्धा टाकलं नाही, त्या दिवसाबद्दल लिहितो. संपादकांनी वाटल्यास बाजूला शार्कचं चित्र छापावं.

आधी एक खुलासा. मी वडीगोद्रीचा. आमच्या जालना जिल्ह्यात टेकडीवर चढलं तरी समुद्र दिसत नाही. अशा गावचा माणूस स्कूबाचा शिक्षक कसा, असं विचारून लोक गालातल्या गालात हसतात. हसू द्या. कोकणातला माणूस पाण्यावर राहतो, होडीत. पाण्याच्या आत जायचा धंदा आमचा. विहिरीत मोटर पडली, बादली गेली, पाइपाच्या तोंडाचा फुटवाल गाळात अडकला, की वडीगोद्रीपासून अंकुशनगरपर्यंत एकाच माणसाला बोलावणं जायचं. ते माझे वडील, अण्णा. दोर कमरेला, दम छातीत आणि खाली. सहा परस, सात परस. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. आमच्याकडं विहिरीची खोली अजून त्यातच मोजतात, कारण बुडणाऱ्याला मीटर कळत नाही.

अण्णांनी मला पोहायला शिकवलं म्हणजे पाठीला पत्र्याचा डबा बांधला आणि विहिरीत ढकललं. शिक्षणशास्त्रात याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. पण ढकलायच्या आधी दरवेळी एकच प्रश्न विचारायचे, "वर यायची पायरी कुठंय?" बोट दाखवून सांगितलं तरच ढकलायचे. सांगता नाही आलं तर टाळक्यात टपली बसायची आणि मग ढकलायचे.

पुढं कालव्याच्या दारात एकदा ओंडका अडकला. ठेकेदारानं कोकणातून टाकीवाला बुड्या आणला. तो बिचारा वायसर जोडत बसला, तेवढ्यात मी नुसता दम धरून गेलो आणि ओंडक्याला दोर बांधून आलो. टाकीवाल्यानं मला बरोबर नेलं ते नेलंच. मालवणच्या पुढं एका लहानशा किनाऱ्यावर त्याच्या मालकाचं केंद्र होतं, तिथं मी शिकलो, परीक्षा दिल्या, आणि शेवटी लोकांना शिकवायला लागलो. अण्णांना हे पटलं नाही. त्यांच्या मते टाकी लावून बुडी मारणं म्हणजे कुबड्या घेऊन कुस्ती खेळणं. गावात कुणी विचारलं, संपत काय करतो, तर म्हणायचे, "पगारी बुड्या मारतंय."

आता धंद्याबद्दल थोडं, म्हणजे तुमचा गोंधळ होणार नाही. त्या टाकीत नुसता ऑक्सिजन नसतो, साधी हवा असते, दाबून भरलेली. प्रत्येक गिऱ्हाईक मला ऑक्सिजन किती आहे ते विचारायचं आणि मी साधी हवा सांगितली की फसवल्यासारखं तोंड करायचं. बहुतेक ठिकाणी होडीतून नेऊन उडी मारायला लावतात. आमच्याकडं होडी नव्हती. किनाऱ्यापासून शंभर पावलांवर खडकांची रांग सुरू व्हायची, रंगीत मासे तिथंच. म्हणून किनाऱ्यावरूनच चालत आत जायचं. पाठीवर अर्ध्या पोत्याचं वजन, कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर पायात बदकासारखे पंखे, आणि मग खाली. ऐकायला होडीपेक्षा सोपं वाटतं ना? तिथंच माणूस फसतो. पाण्याखाली शिरल्यावर काही त्रास नसतो. त्रास असतो तो काठावर, लाट फुटते त्या पट्ट्यात. आणि जाताना कमी, परत येताना जास्त. थकलेला माणूस, पाठीवर वजन, मागून लाट येणार, ती उचलून आपटणार, आणि उठायच्या आत पायाखालची वाळू ओढून नेणार. दोन्ही अंगाला खडक.

म्हणून सकाळी अर्धा तास नुसतं बसून लाटा बघायच्या. लाटा घोळक्यानं येतात. सात-आठ गरीब येतात, मग तीन माजलेल्या येतात. गिऱ्हाईक नेमकं गरीब लाटा चालू असताना येतं आणि म्हणतं, "शांत तर आहे." पाण्याचा रंग बघायचा. चहासारखा झाला असेल तर तळाची वाळू ढवळली, आत स्वतःचा हात दिसणार नाही. एवढं बघून ज्याला नाही म्हणता येतं तो शिक्षक. मासे काय, कुणीही दाखवतं.

हे शहाणपण मी काही आईच्या पोटातून आणलं नव्हतं. एकदा एका बँकेतल्या साहेबांच्या हट्टापुढं मी वाकलो. त्यांची रजा संपत होती, म्हणे. मोठा दयाळू झालो. मासे बघून खूश होऊन साहेब परत येत होते, गुडघाभर पाण्यात हसून माझ्याकडं अंगठा दाखवला, आणि मागून तीन माजलेल्यांपैकी पहिली आली. साहेब खडकावर. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज लाटेच्या आवाजातसुद्धा ऐकू येतो, हे मला त्या दिवशी कळलं. साहेबांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

तर, चार-पाच वर्षांपूर्वीची मे महिन्याची अखेर. आमचा हंगाम संपत आला होता. अंबडहून फोन आला, पारसशेठचा. पारसशेठ बियाण्याचे मोठे व्यापारी. घराणं मूळचं राजस्थानचं, पण इतक्या पिढ्या अंबडात मुरलेलं की आमच्यापेक्षा जास्त मराठवाडी. त्यांनी दुकानदारांची आणि शेतकऱ्यांची बसभर सहल काढली होती, आणि कापसाच्या नव्या वाणाचं उद्घाटन करायचं ठरवलं होतं. कुठं? समुद्राच्या तळाशी. कोरडवाहू कापसाचं.

"संपत, बिलकुल नवी आयडिया हाये," पारसशेठ म्हणाले. "आजवर कुणी न्हाई केली."

का केली नाही, हे मी विचारलं नाही. बेत असा होता, की दोन दुकानदारांनी पाण्याखाली वाणाचा प्लास्टिक चढवलेला फलक धरायचा आणि प्रमुख पाहुण्यांनी नारळ फोडायचा. गुरुजींनी मुहूर्त काढून दिला होता, अकरा वाजून एकवीस मिनिटं. नारळ पाण्यावर तरंगतो, खाली राहत नाही, असं मी सांगितलं. त्यावर शेठ म्हणाले, नारळाला दगड बांधू. पाहुण्यांना फेटा बांधायचाच, तर तो डोळ्यांवरच्या काचेच्या वरून बांधायचा की खालून, एवढीच त्यांची शंका उरली होती.

"पाहुणे कोण?" मी विचारलं.

"तुला ठाऊक न्हाई? तुझे अण्णा. तालुक्यात त्यांच्याइतकं पाण्यातलं माणूस हाये का कुणी?"

माझ्या हातातून फोन पडायचा बाकी राहिला. अण्णा बहात्तर वर्षांचे. मी कोकणात गेल्यापासून एकदाही आले नव्हते. आता प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते, आणि मला म्हणजे पगारी बुड्याला त्यांना घेऊन समुद्रात उतरायचं होतं. खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात मला धड झोप लागली नाही. अण्णांच्या मापाचा पोशाख मी तीनदा धुतला.

ठरल्या दिवशी पहाटे आमचा बाबल पाण्याकडं बघत उभा. बाबल म्हणजे केंद्रातला जुना मासेमार, दिवसाला चार वाक्यं बोलायचा. त्यातलं एक त्यानं तेव्हाच खर्च केलं, "आज नाय रे." मी अर्धा तास बसलो. मग आणखी अर्धा तास बसलो. समुद्रानं मत बदलावं म्हणून आयुष्यात तेवढा वेळ मी कधीच बसलो नव्हतो. गरीब लाटा पाच, माजलेल्या चार. पाणी चहासारखं, तोही टपरीवरचा.

दहाला बस आली. बसला फलक, आत फेटे, भोंग्यावर गाणी. सगळ्यात आधी अण्णा उतरले. धोतर, टोपी, आणि बसमधून उतरायला गुडघा साथ देत नव्हता म्हणून दांड्याला धरलेला हात. समुद्र त्यांनी जन्मात पहिल्यांदा बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "ह्येचा काठ कुठंय रं पलीकडचा?"

"न्हाई दिसत, अण्णा."

"मंग एवढी हीर बांधली कशाला?" म्हणाले आणि स्वतःच हसले. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यासमोर केलेला तो पहिला विनोद होता. बसभर ते सांगत आले होते, समुद्रात पहिली बुडी माझी, मंग तुमची.

मी पारसशेठना बाजूला घेतलं आणि आज उतरता येणार नाही म्हणून सांगितलं.

"क्यान्सल?" शेठ एवढ्या मोठ्यानं ओरडले की बाजूला घेतल्याचा काही उपयोग राहिला नाही. "अरे, काय करून राह्यला तू? मुहूर्त हाये!"

"शेठ, लाटा बघा."

"लाटा वर हायेत. आपला कार्यक्रम खाली हाये. बराबर?"

याच्यावर बसमधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी खात्री आहे की ही चूक फक्त आमच्याकडचाच माणूस करू शकतो. विहिरीचं पाणी जागेवर असतं. वर वारा सुटला काय, वादळ झालं काय, खाली सगळं निवांत. विहीर कुणाला उचलून काठावर आपटत नाही. तीस माणसं, सगळी विहिरीत मुटके मारून मोठी झालेली, समुद्राकडं बघत होती आणि त्यांना एक मोठी, जरा अस्वस्थ विहीर दिसत होती. कुणी म्हणालं, आम्ही कारखान्यावरच्या विहिरीत कठड्यावरून उड्या मारल्यात. कुणी म्हणालं, काठाकाठानं नेऊन आण. काठावरच तर सगळं मरण होतं, पण ते ऐकतो कोण?

मी बँकेच्या साहेबांचं हाड सांगितलं. शेठ म्हणाले, "साहेब लोकांची हाडं नाजूकच असतात."

अण्णा पुढं आले. मला वाटलं, हे तरी समजून घेतील. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, लाटांकडं बघितलं, आणि तीस माणसांदेखत विचारलं, "भ्यालास का रं?"

हो म्हणावं तर गेलं सगळं. नाही म्हणावं तर मग उतर म्हणतील. मी म्हणालो, "न्हाई उतरायचं, अण्णा. मी हितला शिक्षक हाये. मी न्हाई म्हणलं की न्हाई." माझा आवाज थरथरला. लोकांनी तो भीतीचा धरला.

अकरा वाजून एकवीस मिनिटांनी कोरडवाहू कापसाचं उद्घाटन कोरड्या वाळूत झालं. नारळ फोडायला अण्णा उठले नाहीत. "मी पाण्यातला पाव्हणा हाये," म्हणाले, "वाळूतला न्हाई." शेवटी शेठनीच फोडला. मग सगळे शाकाहारी खानावळीकडं जेवायला गेले. जाता जाता कुणीतरी म्हणालं, "चला, क्यान्सलभाऊ, येता का?" माझं ते नाव बसच्या आधी वडीगोद्रीला पोचलं. पुढं आमच्याकडं कुणाची सुपारी मोडली, एसटी रद्द झाली, तरी लोकांना माझी आठवण यायची. मी बरोबर होतो की चूक, याचा पुरावा काही मिळाला नाही. त्या दिवशी कुणीच बुडालं नाही, कारण कुणी उतरलंच नाही. माझ्या धंद्यातली सगळ्यात चांगली कामगिरी ही अशी असते, कुणालाही न दिसणारी.

आता पुढचं सांगतो ते मात्र आपल्यातच ठेवा. या अंकात पारसशेठची पानभर जाहिरात असते. म्हणजे ते अंक उघडून स्वतःचं पान बघतात आणि मिटतात. तेव्हा तशी काळजी नाही, पण तुम्ही कुणी जाऊन सांगू नका.

अण्णा जेवायला गेले नव्हते. सावलीत माझ्याकडं पाठ करून बसले होते. बहात्तर वर्षांचं माणूस, पोरासारखं रुसलेलं. त्यांच्यासमोर आमचा हौद होता. खारं पाणी लागलेलं सामान धुवायचा सिमेंटचा हौद, कमरेएवढा, गोड्या पाण्यानं भरलेला. मी एक टाकी आणली, काठावर ठेवली.

"अण्णा, ही काच लावा."

"कशाला? क्यान्सल हाये ना?"

"समुद्र क्यान्सल हाये. हौद चालू हाये."

त्यांनी हौदाकडं बघितलं, मग मला वाटतं पाण्याकडं बघून त्यांना राहवलं नाही. टोपी काढली. मी काच चढवली, तोंडात नळी दिली आणि सांगितलं, "आत गेल्यावर श्वास कोंडायचा न्हाई. चालू ठेवायचा. ह्याच्यात पहिला नियम हाच." अण्णा हौदाच्या काठावर ओणवे झाले आणि डोकं खांद्यापर्यंत पाण्यात घातलं.

आणि दम कोंडून धरला. अर्थातच. पन्नास-साठ वर्षांची सवय, पाणी आलं की छाती बंद. एकही बुडबुडा नाही. मी मोजत होतो. आमच्याकडं आलेली तरणीताठी पोरं अर्ध्या मिनिटात तडफडतात. अण्णा एक मिनिट, वर थोडं, ढिम्म. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ओणवून, कानाजवळ पाण्यात तोंड घालून ओरडलो, "अण्णा, घ्या श्वास. घ्या. हवा हाये." पाठीचं हाड न् हाड हाताला लागत होतं. मग ती पाठ एकदम सैल झाली, आणि बुडबुड्यांचा मोठा लोंढा वर आला. मग दुसरा. मग एका तालात.

किती वेळ होते ठाऊक नाही. टाकीतली हवा बरीच खाली आली होती. बाबल जाळं विणायचं सोडून बघत होता. मी अण्णांच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो आणि मला रडू आवरत नव्हतं.

वर आले तेव्हा डोक्यावरून पाणी गळत होतं. नळी काढली, काच काढली, हौदाच्या काठावर टेकले. म्हणाले, "मायला. इतकी वर्षं उगीच दम कोंडला." थोड्या वेळानं समुद्राकडं हात केला, "आन् ह्येच्यात वर यायची पायरी कुठंय?"

"आज न्हाई, अण्णा. तीच तर न्हाई."

"मंग बराबर केलंस," म्हणाले. एवढंच. तीस माणसांसमोर म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पण ते तेव्हा सुचत नाही कुणाला.

बस परत आली तेव्हा अण्णांचे केस ओले होते. कुणी विचारलं, काय हो अण्णा? अण्णा टोपी घालत म्हणाले, "काय न्हाई."

पुन्हा बोलावीन, मार्चमध्ये, पाणी आरशासारखं असतं तेव्हा, असं मी दर वर्षी ठरवलं. दर वर्षी मार्चमध्ये गिऱ्हाइकांची रांग होती. हा माझा खरा पस्तावा, बाकीच्या सगळ्या गोष्टी सोडून देतो. मग त्यांचा गुडघा बसला, मग ते स्वतः बसले, आणि गेल्या साली गेले. मी नोकरी सोडून वडीगोद्रीला परत आलो.

दहाव्याला आलेल्या माणसांकडून मला माझ्याच बापाची समुद्रातली बुडी कळायला लागली. सुरुवातीला मी ऐकून घेतलं, माणूस गेलेल्या घरी लोक काहीही बोलतात. पण प्रत्येकाजवळ तपशील तोच, खुद्द अण्णांच्या तोंडून ऐकलेला. बस जेवायला गेल्ती. बापलेक उतरले. सात परस खाली. पोरानं पाठीवर हात ठेवलेला, शेवटपर्यंत काढला न्हाई. श्वास घ्या म्हणाला, आन् पाण्याच्या आत श्वास घेतला. बैलाएवढा मासा आला, बघून गेला. बैलाएवढा मासा सोडला तर खोटं कुठं होतं, मला सांगा.

गेल्या महिन्यात अंबडला गेलो होतो. पारसशेठच्या दुकानात दहा-बारा माणसं. शेठनी चहा मागवला आणि सगळ्यांदेखत विषय काढला.

"संपत, एकदा खरं सांग. आम्ही तिकडं जेवायला गेल्तो, आन् तू अण्णाला घेऊन उतरलास. आम्हाला क्यान्सल, बापाला चालू. हो का न्हाई?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या अख्ख्या नोकरीत अभिमान धरावा अशी एकच गोष्ट आहे. त्या साहेबांच्या खांद्यानंतर खराब पाण्यात मी कुणालाही उतरवलं नाही, मंत्र्याच्या मेहुण्याला नाही, सख्ख्या बापाला नाही. नाही म्हणालो असतो तर ती गोष्ट माझ्याजवळ राहिली असती. अण्णा मात्र खोटे पडले असते, दुकानात, दहा-बारा माणसांत.

"हो शेठ," मी म्हणालो. "उतरलो होतो."

"मला ठाऊकच होतं!" शेठनी मांडीवर थाप मारली. इतके खूश झाले की काय सांगू. माणूस भ्याला हे त्यांना कधी पटलंच नव्हतं. माणसानं फसवलं, हे व्यापाऱ्याला लगेच पटतं. "किती खोल गेल्ता?"

"अण्णा किती म्हणायचे?"

"सात परस."

"बराबर," मी म्हणालो. "सातच."

त्या दिवसापासून माझं क्यान्सल हे नाव गेलं. आता अंबडपासून अंकुशनगरपर्यंत मला लबाड म्हणतात. अण्णांच्या नावापुढं सात परस लागले आहेत, ते आता कुणी काढू शकत नाही.